मक्याच्या शेतातलं विद्यापीठ आणि वॉशिंग्टनचं राजकारण

मक्यातला_मास्तर

राम राम मंडळी. मागे व्हिसाच्या धाग्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांबद्दल मी दोन ओळी खरडल्या होत्या तेव्हा तीन-चार जण 'गुर्जी, सविस्तर लिहा' म्हणून मागे लागले होते. सध्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी आहे, बाहेर बर्फ पडतोय आणि टेबलावर एकशे ऐंशी पेपर तपासायचे पडलेत, म्हणजे धागा काढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

ओळख थोडक्यात. मूळचा बार्शीचा, गेली बावीस वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टात एका सरकारी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतो. विद्यापीठ कुठलं, राज्य कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मधे आम्ही आणि आमचं अवाढव्य फुटबॉल स्टेडियम.

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न 'हार्वर्डचं काय झालं हो?' आता ट्रम्प सरकारनं हार्वर्ड-कोलंबियाचा पैसा रोखल्याच्या बातम्या येतात हे खरं, पण आयव्ही लीग म्हणतात ती आठही जुनी नामांकित खासगी कॉलेजं धरली तरी अमेरिकेत कॉलेज करणाऱ्या शंभर पोरांतला एखादाच तिथे असतो. चारातली जवळजवळ तीन पोरं सरकारी ठिकाणी, म्हणजे राज्याच्या विद्यापीठात नाहीतर गावातल्या कम्युनिटी कॉलेजात. त्यामुळे भांडण हार्वर्डच्या नावानं दिसत असलं तरी त्याचं मूळ आमच्यासारख्या ठिकाणी आहे असं मला वाटतं आणि तेवढंच सांगायला बसलोय.

जरा मागे जातो. २ जुलै १८६२, यादवी युद्ध ऐन भरात, आणि लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. जस्टिन मॉरिल हा व्हरमाँटचा खासदार, लोहाराचा मुलगा, स्वतः कॉलेजची पायरी न चढलेला. कायदा असा की राज्याचे काँग्रेसमधे जितके सदस्य त्या प्रत्येकामागे ३०,००० एकर सरकारी जमीन, ती विका आणि त्या पैशावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवा, कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी. कॉर्नेल, पर्ड्यू, विस्कॉन्सिन, ओहायो स्टेट, अगदी एमआयटीसुद्धा याच खात्यातली. (ही 'सरकारी' जमीन आधी कोणाची होती ते विचारू नका. १.०७ कोटी एकर, अडीचशेच्या आसपास मूळ जमातींकडून काढून घेतलेली. स्थापनादिनाच्या भाषणांत हे अलीकडेअलीकडे यायला लागलं होतं, आता परत यायचं थांबलंय.)

तर हा एक सौदा होता. राज्य पैसे देणार, विद्यापीठ राज्यातल्या पोरांना स्वस्तात शिकवणार, शेतकऱ्याला माती तपासून देणार, त्याच्या मक्यावर कीड पडली तर माणूस पाठवणार, आणि बदल्यात वर्गात काय शिकवायचं त्यात आमदार नाक खुपसणार नाहीत. हे शेवटचं कलम कुठल्या कागदावर नव्हतं, बाकीचं नीट चालायचं म्हणून तेही चालायचं. १९४४ चं जीआय बिल (सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारा कायदा) आलं आणि युद्धावरून परतलेले जवळपास २२ लाख सैनिक कॉलेजात गेले, १९४७ साली कॉलेजात नाव घातलेल्यांपैकी निम्मे हेच होते. तेव्हा 'कॉलेज म्हणजे त्या लोकांचं' असं म्हणायची सोयच नव्हती, कारण प्रत्येक गल्लीतला कोणी ना कोणी तिथे होता.

आता परवाची गोष्ट. माझ्या 'अमेरिकन गव्हर्मेंट'च्या वर्गात एक पोरगा बसतो, डोक्यावर कायम बियाणं कंपनीची टोपी, मागून तिसऱ्या रांगेत. ऑफिसात आला, पाच मिनिटं हवापाण्यावर बोलला आणि मग म्हणाला, प्रोफेसर, आजोबा म्हणतात तुम्ही लोक आम्हाला बिघडवता. मी म्हटलं असेल बुवा, आजोबा कुठे शिकले? म्हणाला, इथेच. आणि फोनवर फोटो दाखवला, १९७१ ची फीची पावती, आजोबांनी अजून जपून ठेवलीय, रकमेचा आकडा तीन अंकी. एका उन्हाळ्यात सोयाबीनमधलं तण काढून आजोबांनी वर्षाची फी भरली होती. आज सरकारी विद्यापीठांची नुसती फी, राहणं-खाणं सोडून, राज्यातल्या पोरालासुद्धा सरासरी ११,००० डॉलरच्या वर जाते. हा टोपीवाला आठवड्याला पंचवीस तास गोदामात खोकी उचलतो आणि वर कर्जही आहे. म्हणजे आजोबांचा राग 'वोक' प्राध्यापकांवर आहे असं मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं, पण पोरगा जाताना म्हणाला, आजोबा म्हणतात आमच्या वेळी ते आमचं होतं.

हे 'आमचं' कसं गेलं? २००८ च्या मंदीत राज्यांनी विद्यापीठांना हात आखडता घेतला, बऱ्याच ठिकाणी तो परत सैल झालाच नाही. मग विद्यापीठांनी काय केलं, फी वाढवली आणि राज्याबाहेरची, देशाबाहेरची पोरं घेतली, जी पूर्ण फी देतात. आपल्या पुण्या-नाशिकची पोरं त्यात आली. तुमच्या-माझ्या भाच्याच्या फीवर आमच्याकडे कितीतरी सेक्शन चालतात हे कोणी मोठ्यानं म्हणत नाही. शिकवणारेही बदलले, १९८७ साली शिकवणाऱ्यांतले ४७ टक्के कंत्राटी होते, २०२१ ला ६८ टक्के. आणि या सगळ्यात राज्याचा सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर कोण, तर बहुतेक राज्यांत कुठल्यातरी विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच.

त्याच वेळी मतदार उलटापालटा झाला. १९८०-९० मधे डिग्रीवाला गोरा माणूस म्हणजे ढोबळमानानं रिपब्लिकन. आज डिग्री आहे की नाही यावरून गोरा मतदार कुठे जाईल ते बरंचसं सांगता येतं, डिग्रीवाले डेमोक्रॅट आणि बिनडिग्रीवाले ट्रम्प. आमच्या विषयात याला डिप्लोमा डिव्हाइड म्हणतात. अशा वेळी रिपब्लिकन पुढाऱ्याला विद्यापीठावर बोलायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. गॅलपच्या पाहणीत उच्च शिक्षणावर बराच विश्वास आहे म्हणणारे २०१५ ला ५७ टक्के होते ते २०२३ ला ३६ वर आले (२०२५ ला ४२, थोडी धुगधुगी आहे). ट्रम्प यांचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी २०२१ मधे भाषण केलं त्याचं नावच 'विद्यापीठं हीच शत्रू'. हे गृहस्थ मरीनमधून जीआय बिलावर ओहायो स्टेटला शिकले, म्हणजे मॉरिलच्या जमिनीवर सैनिकांच्या योजनेतून, आणि मग येल. माझ्या वर्गात दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही पण आता दाखवत नाही.

का दाखवत नाही? कारण वर्गात पहिल्या रांगेत कोणीतरी फोन उलटा ठेवलेला असतो आणि तो रेकॉर्ड करतोय की नाही हे मला कळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमधे टेक्सस ए अँड एम विद्यापीठात एका वर्गातला असाच व्हिडिओ फिरला, शिकवणारीची नोकरी गेली आणि पाठोपाठ विद्यापीठाच्या अध्यक्षांनीही राजीनामा दिला. इंडियानात २०२४ पासून कायदा आहे की टेन्युअरवाल्यांचीही (कायम नोकरीतल्यांची) 'वैचारिक विविधता' ठराविक काळानं तपासायची. आमच्याकडे अजून तसं नाही, पण मागच्या ऑगस्टला मी सिलॅबसमधलं एका आठवड्याचं शीर्षक बदललं. कोणी सांगितलं नव्हतं. आपणहून बदललं. बायकोला रात्री सांगितलं तर म्हणाली, 'बार्शीत असतास तर बदललं असतंस का?' उत्तर दिलं नाही.

असो. चुका असतील तर दाखवा, फक्त टंकनाच्या नकोत.

टेक्ससकर_नाना

मास्तर, लेख छान, पण तुम्ही सोयीस्करपणे सगळं पैशावर ढकललंत. मी पंचवीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, दोन पोरं इथल्या कॉलेजातून काढली. थोरला पहिल्या वर्षानंतर घरी आला आणि आईला म्हणतो की तुम्ही लोक प्रिव्हिलेज्ड आहात. अहो, त्याची आई डोंबिवलीच्या चाळीत दोन खोल्यांत सात माणसांत वाढली! कोण शिकवतं हे? ५ डिसेंबर २०२३ ची सुनावणी बघितलीत ना, हार्वर्ड, पेन्सिल्व्हेनिया आणि एमआयटीच्या अध्यक्षबाई 'ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांविरुद्ध आहे का' या साध्या प्रश्नाला 'ते संदर्भावर अवलंबून आहे' म्हणाल्या. त्यातल्या पहिल्या दोघींची खुर्ची महिन्याभरात गेली ते उगाच नाही. ३० एप्रिल २०२४ ला पोलिसांना गाझासाठी आंदोलन करणाऱ्यांनी बळकावलेली कोलंबियाची बिल्डिंग रिकामी करावी लागली. तुम्हा लोकांना सरकारचा पैसा हवा आणि सरकारनं प्रश्न विचारायचे नाहीत. मिशिगनचं हिल्सडेल कॉलेज बघा, केंद्राचा एक डॉलर घेत नाही, म्हणून कोणाच्या बापाला ऐकत नाही. घ्या तसं स्वातंत्र्य.

राहुरी८९

गुर्जी, बाकी राजकारण तुम्ही लोकं बघा, पण माती तपासणीचं वाचून बरं वाटलं. आम्ही राहुरीला कृषी विद्यापीठात होतो. आमचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं आणि भारतातली ही सगळी कृषी विद्यापीठं याच अमेरिकन लँड ग्रँटच्या (मॉरिलच्या जमिनीवरच्या कॉलेजांच्या) धर्तीवर निघाली, पहिलं पंतनगर १९६० साली, इलिनॉयच्या लोकांनी येऊन हातभार लावलेला. शिकवणं, संशोधन आणि विस्तार तिन्ही एका छपराखाली ही कल्पना तिकडचीच. विस्तार शिक्षणाचे आमचे सर सांगायचे की शेतकरी तुमच्या दारात आला नाही तर तुम्ही त्याच्या बांधावर जा, तो येईना म्हणून त्याला शिव्या घालू नका. तुमच्याकडं आता बांधावर कोण जातंय का?

खवट_काकू

वाचतेय. नाना, पोराला प्रिव्हिलेज हा शब्द कॉलेजनं शिकवला असेल पण आईशी कसं बोलावं हे घरात शिकवायचं असतं. हलकेच घ्या.

मास्तर, कोचचा पगार वाचून हसू आलं. आमच्याकडे निदान क्रिकेटवाले विद्यापीठाच्या पगारावर नसतात.

निळी_शाई

चांगला धागा. एक भर घालते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती. त्यांचे आवडते गुरू जॉन ड्युई. हेच ड्युई १९१५ साली अमेरिकन प्राध्यापकांची जी संघटना निघाली, एएयूपी, तिचे पहिले अध्यक्ष. 'प्राध्यापकाला काढायचं असेल तर त्याच्या बरोबरीच्यांनी ठरवावं, ट्रस्टीच्या लहरीवर नको' हे तिथं पहिल्यांदा लेखी आलं, आणि नेमक्या त्याच साली बाबासाहेब तिथे एम.ए. झाले. त्यामुळे कोलंबियानं सरकारशी तडजोड केली ही बातमी २०२५ च्या जुलैमधे आली तेव्हा आमच्या ग्रुपवर जे दुःख झालं ते फक्त एका परदेशी कॉलेजचं नव्हतं. आमच्या घरात ते नाव बाबासाहेबांच्या फोटोखाली आहे.

मक्यातला_मास्तर

निळीताई, मनापासून आभार. याच्या पुढचा भाग ऐका, मी दरवर्षी सांगतो. बाबासाहेब कोलंबिया सोडून गेले आणि पुढच्याच वर्षी, १९१७ ला, अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर त्याच कोलंबियाने युद्धाला विरोध केला म्हणून दोन प्राध्यापकांना काढलं, कॅटेल आणि डेना. त्यावर चार्ल्स बीअर्ड यांनी राजीनामा दिला, आमच्याच राज्यशास्त्रातले. मजा म्हणजे बीअर्ड स्वतः युद्धाच्या बाजूचे होते! ज्यांना काढलं त्यांचं मत त्यांना मान्य नव्हतं तरी खुर्ची सोडली. आज माझ्यासकट आमच्यात असा एकही दिसत नाही. म्हणजे सरकारपुढे वाकायची कोलंबियाची ही पहिली वेळ नव्हे. २०२५ च्या ७ मार्चला सरकारनं ४० कोटी डॉलर रोखले, जुलैत २२ कोटींच्या वर भरून समेट झाला. हार्वर्ड एप्रिलमधे नाही म्हणालं, २२० कोटी गोठवले गेले, ३ सप्टेंबरला कोर्टानं ते बेकायदा ठरवलं. पण हार्वर्डच्या तिजोरीत पाच हजार कोटी डॉलरच्या वर आहेत, आमच्यासारख्यांना 'नाही' हा शब्द परवडायला आधी वीजबिल भरावं लागतं.

नाना, तुमचं अर्धं मान्य. प्राध्यापक डावीकडे झुकलेले आहेत ही अफवा नाही. आमच्या विभागात रिपब्लिकनांना उघडपणे मत देणारे दोघं होते, त्यातला एक मागच्या वर्षी रिटायर झाला. हे वाईट आहे आणि मी मीटिंगमधे बोललोय, त्यावर लोकांनी कॉफी ओतून घेतली. पण वर्गात येऊन बघा. सगळ्यात जास्त डिग्र्या बिझनेसच्या जातात, मग नर्सिंग वगैरे. माझ्या एकशे ऐंशींतल्या दीडशेंना मी फक्त एक रिक्वायरमेंट आहे. नेमून दिलेली वीस पानं ते वाचत नाहीत, माझ्यामुळे ते मार्क्सवादी होतील हा माझा केवढा मोठा गौरव आहे हे त्या आमदारांना कळत नाही.

मात्र 'सरकारचा पैसा तर सरकारचे प्रश्न' यावर थोडं थांबतो, कारण इथे आमच्या बाजूचंही पाप आहे. केंद्राचा पैसा बंद करायची धमकी हे हत्यार १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातलं, सहावं प्रकरण. वंशभेद कराल तर पैसा बंद. दक्षिणेतल्या शाळा त्यानं वठणीवर आल्या, आणि ते चांगलंच झालं. पण पैसा बंद करायच्या आधी नोटीस, सुनावणी, काँग्रेसला लेखी कळवणं, मग ३० दिवस थांबणं हे सगळं कायद्यात मुद्दाम लिहिलंय. पुढे आमच्याच आवडत्या सरकारांनी काय केलं, कायदा न बदलता खात्याच्या पत्रांवर कारभार चालवला, ओबामांच्या काळात २०११ ला लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दल असं पत्र निघालं आणि सगळ्या विद्यापीठांनी घाबरून नियम बदलले. तेव्हा आमच्यातले फार थोडे म्हणाले की हे पत्र उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल. ते गेलं. आणि आता नोटीस-सुनावणीही उडाली, आधी पैसा बंद, मग बोलणी. सोयीचं असताना प्रक्रिया सोडली की गैरसोयीच्या वेळी ती मागायला तोंड राहत नाही, हे मी वर्गात उदाहरण म्हणून सांगायचो, आता उदाहरणात मी स्वतः आहे.

हिल्सडेलबद्दल: खरं आहे, घेत नाहीत. पण ते छोटं कॉलेज, देणगीवर चालतं. तिथे कॅन्सरवरचं संशोधन होत नाही. १९४५ साली व्हॅनेव्हार बुश यांनी अहवाल दिला की विज्ञानाला पैसा केंद्रानं द्यावा आणि संशोधन विद्यापीठांनी करावं, १९५० ला एनएसएफ (विज्ञान संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था) निघालं, त्यावर पाऊण शतक चाललंय. तुमच्या आयटी कंपनीतलं निम्मं त्या झाडाचं फळ आहे.

राहुरीकर, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड. बांधावर जाणारे अजून आहेत. काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एक्स्टेंशनचं, विस्तार सेवेचं, ऑफिस आहे, मी माझ्या टोमॅटोच्या वाफ्यातली माती पिशवीत भरून दिली होती, आठवड्यात रिपोर्ट आला, फॉस्फरस जास्त आहे, खत घालू नका. तो माणूस गावात सगळ्यांना नावानं ओळखतो. पण राज्यशास्त्राचा मास्तर बांधावर गेलेला कोणी बघितलाय? काउंटीच्या जत्रेत विद्यापीठाचा स्टॉल असतो, डुकरांच्या स्पर्धेच्या शेजारी, तिथे शेतीवाले उभे असतात. बावीस वर्षांत मी तिथे एकदा गेलो, ते पण मुलीला गाई दाखवायला.

टेक्ससकर_नाना

पाप कबूल केलंत तेवढं आवडलं. बाकी आमचं मत तेच. पण एक सांगतो, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची फी २०२५ च्या सप्टेंबरमधे एक लाख डॉलर केली तेव्हा माझ्याच टीममधली दोन पोरं रडवेली झाली, मला वाटलं होतं हे सगळं हार्वर्डवाल्यांपुरतं आहे.

खवट_काकू

नाना, वाटायचंच.

ओपीटी_वर_लटकलेला

मी तसा नुसता वाचक, पण आज लिहावंसं वाटलं. मी आणि माझा रूममेट, तो सांगलीचा, दोघं मागच्या वर्षी एमएस करून ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ काम करायची परवानगी) आहोत. २०२५ च्या एप्रिलमधे एका सकाळी त्याला इंटरनॅशनल ऑफिसकडून मेल आली की तुझं सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) टर्मिनेट झालंय, आम्ही केलेलं नाही, आम्हालाही आत्ताच सिस्टिममधे दिसलं. कारण शोधता शोधता आठवलं की दीड वर्षापूर्वी स्पीडिंगचं तिकीट होतं, दंड भरून विषय संपलेला. त्या दिवसापासून तो कामावर जाऊ शकत नव्हता, घराबाहेर पडायलाही घाबरायचा, मी किराणा आणायचो आणि तो दिवसभर पडदे लावून बसायचा आणि आईला व्हिडिओ कॉलवर हसून सांगायचा की वर्क फ्रॉम होम आहे. मग ठिकठिकाणी कोर्टात केसेस झाल्या आणि महिनाअखेरीला सरकारनं रेकॉर्ड परत चालू केली, त्याचंही झालं, ज्या शांतपणे गेलं त्याच शांतपणे परत आलं, ना सॉरी ना काही. आईला अजून माहीत नाही. ती इथे लिहीत नाही एवढंच बरं.

सर, तुम्ही म्हणता की आमची फी म्हणजे तुमच्या जमाखर्चातली ठळक ओळ. आम्हाला पण माहितीय. २०२४-२५ मधे इथे भारतीय विद्यार्थी ३,६३,००० च्या वर होते, सगळ्या देशांत पहिला नंबर. पण तुमच्या त्या टोपीवाल्याच्या आजोबांना आम्ही त्यांची जागा खाल्ली असं वाटतं, आणि आम्हाला वाटतं आम्ही त्यांच्या नातवाची फी भरली. दोघं एकाच लायब्ररीत बसतो आणि बोलत नाही.

मक्यातला_मास्तर

तुझा प्रतिसाद दोनदा वाचला रे. तुझ्या रूममेटला सांग, आईला सांगून टाक, आया आधीच ओळखून असतात.

लायब्ररीवरून आठवलं म्हणून एक अवांतर. आमच्या लायब्ररीच्या तिसऱ्या मजल्यावर मराठीची चार कपाटं आहेत. मी नवीन होतो तेव्हा पहिल्या हिवाळ्यात रडकुंडीला आलेलो, तिथे सापडली. आत शिक्का पीएल-४८०. म्हणजे असं की पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेनं आपल्याला गहू दिला, आपण त्याचे पैसे रुपयांत दिले, ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करायचे होते, मग १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसनं त्यातून भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली. आणि त्याआधी १९५८ ला, स्पुटनिक उडाल्यावर घाबरून, परदेशी भाषा शिकवायला पैसा देणारा कायदा झाला, त्यामुळे इथे मराठी शिकवणारे वर्ग निघाले. सगळं शीतयुद्धाच्या स्वार्थातून, कोणाला तुकारामाचं प्रेम आलं नव्हतं. पण बार्शीच्या वाचनालयात जे दिवाळी अंक मिळायचे नाहीत ते मी मक्याच्या शेतात वाचले. पुष्कळशांवर माझ्याआधी कोणाचीच तारीख पडलेली नव्हती.

खवट_काकू

म्हणजे आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून तो अमेरिकन लाल गहू खाल्ला आणि तुम्हाला दिवाळी अंक मिळाले! आजी म्हणायची या गव्हाची पोळी तव्यावरच रुसते. वसूल झाला म्हणायचा.

गोदाकाठ

नमस्कार. मी फार लिहीत नाही पण सगळं वाचलं. आम्ही नाशिकचे. मुलीला पुढच्या फॉलसाठी दोन ठिकाणी एमएसला अर्ज आहेत, एनव्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग. मिस्टर म्हणतात जर्मनी बघ, मुलगी म्हणते अमेरिकाच. सर, तुम्ही स्वतः तिथले, खरं सांगा, पाठवावं का? आणि ते सोशल मीडिया सगळं पब्लिक करायला लागतं हे खरं का?

मक्यातला_मास्तर

ताई, हो, २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसावाल्यांना सगळे प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतात, फॉर्मवर पाच वर्षांतली हँडल्स आधीपासूनच मागायचे. २०२५ च्या ऑक्टोबरमधे सरकारनं नऊ विद्यापीठांना एक करार पाठवला त्यात परदेशी पोरं १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि एका देशाची ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत असं होतं, पण ते बॅचलर्ससाठी, आणि एमआयटीनं पहिल्यांदा नाही म्हटल्यावर आणखीही काहींनी म्हटलं. तुमच्या मुलीला त्याचा थेट फटका नाही.

पाठवावं का, याचं उत्तर: शिकवणं अजून उत्तम आहे. तिच्या विषयाच्या लॅब बघितल्या तर तोंडात बोटं घालाल. फक्त तीन गोष्टी बघा, तिला कोण शिकवणार त्या गाइडकडे संशोधनाचा पैसा शिल्लक आहे का हे त्यालाच सरळ मेल करून विचारा, कर्ज एवढंच काढा की नोकरी इथे न लागता नाशिकला येऊन फेडता येईल, आणि जर्मनीचा अर्ज भरून ठेवा. मिस्टर बरोबर आहेत असं तुम्ही त्यांना सांगू नका.

गोदाकाठ

सर, आणखी एक विचारू का, हसू नका. ती काल रात्री दोन वाजेपर्यंत इन्स्टावरचं जुनं जुनं डिलीट करत बसली होती. त्यात एक फोटो आहे, इथे तपोवनातली झाडं कुंभमेळ्यासाठी तोडणार म्हणून लोक जमले होते, ती पण गेली होती, झाडाला मिठी मारून उभी आहे आणि हातात पुठ्ठ्याची पाटी. अर्जात तिने लिहिलंय की मला हा विषय का घ्यायचाय तर या झाडांमुळे. आता तोच फोटो ठेवू का काढू विचारते. मला काही कळत नाही.

टेक्ससकर_नाना

काढा. काही गरज नाही. अमेरिकेच्या विरोधात नाही हे मान्य, पण तो व्हिसावाला माणूस दोन मिनिटं बघणार, त्याला मिठी दिसेल की पाटी?

निळी_शाई

ठेवा हो. झाडाला मिठी मारली आहे, दगड नाही मारला.

राहुरी८९

ठेवा. आणि कोणतं झाड ते पण लिहा खाली.

मक्यातला_मास्तर

ताई, फर्स्ट अमेंडमेंटचं (राज्यघटनेतलं बोलण्याचं स्वातंत्र्य) माझं लेक्चर दर सेमिस्टरला सहाव्या आठवड्यात असतं, एक तास पंधरा मिनिटं, बावीस वर्षं शिकवतोय. तुम्हाला मी 'ठेवा' म्हणायला हवं. पण मी एका आठवड्याचं शीर्षक बदललेला माणूस आहे हे वर लिहून बसलोय, त्यामुळे माझ्या सल्ल्याला फार अर्थ नाही. तिला विचारा, अधिकाऱ्यानं तो फोटो दाखवून विचारलं की हे काय आहे, तर ती न अडखळता दोन वाक्यांत सांगू शकेल का. सांगू शकत असेल तर तो फोटो तिच्या अर्जाचाच भाग आहे.

गोदाकाठ

विचारलं. तिनं शंभरेक फोटो उडवले, माझे वाढदिवसाचेसुद्धा. झाडाचा ठेवलाय. इंटरव्ह्यू बीकेसीला होणार म्हणून मिस्टर आत्तापासून पंचवटी एक्सप्रेसचं टाइमटेबल बघतायत.

खवट_काकू

आईचे वाढदिवसाचे उडवले आणि झाड ठेवलं. पोरगी जाणार बघा.